फ्लॉपीत अडकलेले आपले दफ्तर

इतिहास कोणाचा टिकतो, हा प्रश्न पुष्कळदा कागद कोणाचा टिकतो या प्रश्नापाशी येऊन थांबतो. पेशव्यांचे दफ्तर पुण्यात सांभाळले गेले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यासाठी इमारत होती, सरकारी पैसा होता, कारकून होते. बाबासाहेबांच्या कागदांच्या वाट्याला काय आले? दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील ज्या घरात त्यांचे महापरिनिर्वाण झाले, ते घर पुढे विकले गेले आणि १९६७ साली खोल्या रिकाम्या करताना तेथील कागद अंगणात टाकले गेले. त्यांवर पाऊस पडला. जे वाचले ते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढायला १९७९ मध्ये सुरुवात केली आणि वसंत मून यांच्यासारख्या माणसाने त्या कामाला स्वतःला वाहून घेतले, तेव्हा कुठे त्या पेट्यांतील अप्रकाशित लेखन लोकांपुढे आले.

ही कागदाची कथा झाली. कागद भिजला तर वाळवता येतो. वाळवीने अर्धा खाल्ला तरी उरलेला अर्धा डोळ्यांनी वाचता येतो. या लेखात मला ज्या वस्तूविषयी लिहायचे आहे, ती डोळ्यांनी वाचताच येत नाही. ती वस्तू म्हणजे फ्लॉपी. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार येथे राहून मी गेली काही वर्षे जुन्या फ्लॉप्यांतला मराठी मजकूर सोडवण्याचे काम करतो. या कामात जे तंत्र लागते ते आपल्या कार्यकर्त्यांना, लेखकांना आणि लेखकांच्या घरच्या माणसांना कळणे अगत्याचे आहे, कारण वेळ थोडा उरला आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की आपल्या साहित्याच्या संदर्भात फ्लॉपी ही निव्वळ कार्यालयीन वस्तू नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात पुस्तक छापून झाले की खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकले जात. मागे उरे ते छापील पुस्तक आणि लेखकाचे हस्तलिखित. नव्वदच्या दशकात मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत डीटीपी केंद्रे आली. लेखकाने वहीत लिहिलेले तेथे संगणकावर उतरवले जाई, प्रुफे निघत, मग लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढून त्यावरून ऑफसेटची प्लेट होई. कंपोझिंगचे पैसे पानामागे देता येत, हप्त्याने देता येत. कागद, प्लेट आणि बांधणी यांचा पैसा मात्र एकरकमी लागे. आणि येथेच आपला लेखक अडकला. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, एस. टी.चा कंडक्टर, पोस्टातला कर्मचारी अशी ही माणसे. अशा कित्येकांची पुस्तके कंपोज झाली, तपासली गेली आणि छापलीच गेली नाहीत. केंद्रचालकाने "पैसे जमले की या" म्हणून फ्लॉपी हातात दिली. वही केंद्रातच राहिली आणि रद्दीत गेली. जयंतीच्या स्मरणिका, परिषदांतील भाषणे, नामांतरानंतरची टिपणे, कवितांची बाडे असे पुष्कळ काही या रीतीने एका चौकोनी प्लास्टिकच्या पोटात जाऊन बसले. प्रस्थापितांच्या लेखकाला हा धोका कमी होता. त्याच्या प्रकाशकाकडे प्रत होती, मासिकाकडे प्रत होती, ग्रंथालयाकडे प्रत होती.

फ्लॉपीच्या आत असते काय? पॉलिएस्टरची पातळ, लवचीक चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना लोहाच्या ऑक्साइडचा लेप. ड्राइव्हमधले डोके त्या लेपावर चुंबकीय खुणा उमटवते आणि वाचते. साडेतीन इंची नेहमीच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार वाटा असतात, प्रत्येक वाटेचे १८ तुकडे, म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ अक्षरचिन्हे. गुणाकार केला तर दोन्ही बाजू मिळून १४,७४,५६० चिन्हे होतात. आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्राला ही जागा पुरत नाही, परंतु नुसता मजकूर असेल तर तीत सहाशे-सातशे पाने बसतात. एका माणसाचे आयुष्य लिहायला तेवढी पुरेत. त्याआधीची सव्वापाच इंची, वाकणारी फ्लॉपी ३६० किलोबाइटची किंवा १.२ मेगाबाइटची असे.

प्रत्येक सेक्टराच्या शेवटी यंत्राने एक ताळा लिहून ठेवलेला असतो. शाळेत आपण गुणाकाराचा ताळा पाहत होतो, तसलाच प्रकार. वाचलेला मजकूर आणि ताळा जुळला नाही की यंत्र त्या सेक्टराला खराब म्हणते, आणि अडाणी माणसाप्रमाणे सगळी फाईलच नाकारते. वस्तुतः पाचशे बारा चिन्हांत एखाददुसरेच बिघडलेले असू शकते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ फ्लॉप्या "खराब झाली" म्हणून उकिरड्यावर गेल्या.

फ्लॉपी मरते ती तीन-चार प्रकारे. चुंबकीय खुणा हळूहळू मंद होतात, लेप सुटतो, धूळ बसते. परंतु आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. पत्र्याच्या घरात, भिंतीला ओल येणाऱ्या खोलीत, पेटीत कपड्यांखाली ठेवलेल्या फ्लॉपीवर तीस पावसाळ्यांनंतर पांढुरकी जाळी धरते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालून फिरवली तर डोके त्या बुरशीसकट लेप खरवडून काढते आणि तीच घाण पुढच्या फ्लॉपीला लावते. म्हणून घरी, उत्साहाच्या भरात, "चालते का बघू" असे कोणीही करू नये.

आता, या कामाला जुनाच संगणक का लागतो, असे मला नेहमी विचारले जाते. बाजारात यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, तो का नको? तो साडेतीन इंची चांगल्या फ्लॉपीला चालतो. सव्वापाच इंची त्याला वाचता येत नाही आणि दुखावलेल्या फ्लॉपीपुढे तो लवकर हात टेकतो. नव्या संगणकांत फ्लॉपीची जोडणीच उरलेली नाही. सोनी कंपनीनेही २०११ च्या मार्चमध्ये जपानमधील साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री थांबवली. माझ्याकडे भंगारातून जमवलेला एक पेन्टियम संगणक आहे. त्याला दोन्ही मापांचे ड्राइव्ह आहेत. त्याला जुन्या धाटणीची कार्डे बसतात आणि मागे प्रिंटरचे पंचवीस पिनांचे तोंड आहे. या शेवटच्या दोन गोष्टी मराठीसाठी फार मोलाच्या. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या पोटात बसवावे लागे, ते नव्या यंत्रात बसत नाही. आणि त्या काळच्या कित्येक भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या तोंडाला एक 'लॉक' लावावे लागे. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे. म्हणजे फ्लॉपी शाबूत, फाईल शाबूत, आणि तरीही आगपेटीएवढ्या एका डबीअभावी पुस्तक बंद! आपल्याच भाषेतले आपलेच लेखन उघडायला दुसऱ्याची किल्ली लागावी, ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये.

कामाची रीत एका उदाहरणाने सांगतो. जवळच्या एका गावातील वृद्ध बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. जयभीम करून बसल्या. त्यांचे पती शिक्षक होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. "लेकरा, गुरुजींनी लई लिहिलं व्हतं. ह्या चकत्यांत हाय म्हन्ते पोरं. बग बरं काई निगतं का," असे त्या म्हणाल्या. डब्यात २३ फ्लॉप्या होत्या, सोळा साडेतीन इंची आणि सात सव्वापाच इंची. चिठ्ठ्यांवर पत्त्यात जिल्हा परभणी लिहिलेला, कारण हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

प्रथम लिहिण्याची वाट बंद करायची. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. हे आवश्यक आहे, कारण विंडोज ९५ आणि तिच्या पाठोपाठच्या आवृत्त्या फ्लॉपी उघडताना तिच्या पहिल्या सेक्टरात आपली खूण लिहून ठेवतात. पुरावा हाती घेताना त्यावर आपलेच ठसे उमटवण्यासारखे आहे ते. मग बुरशीच्या फ्लॉप्या वेगळ्या काढल्या. त्यांचे कवच उघडून चकती बाहेर घेतली, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली, सावलीत वाळवली आणि दुसऱ्या स्वच्छ कवचात घातली. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचे डोके पुसले.

यानंतर फाईल उघडायची नाही, हा दुसरा नियम. आधी संपूर्ण फ्लॉपीची, सेक्टरामागून सेक्टर अशी, जशीच्या तशी प्रतिमा उतरवून घ्यायची आणि पुढचे सारे काम त्या प्रतिमेवर करायचे. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो आधी चांगले सेक्टर घेतो, खराब कोणते याची नोंद ठेवतो आणि मग तेवढ्यांसाठी पुन्हा पुन्हा फिरतो. त्यानेही भागले नाही तर ग्रीझवीझल नावाचे, तळहातावर मावणारे सर्किट जुन्या ड्राइव्हला जोडतात. ते मजकूर वाचण्याच्या भानगडीत पडत नाही. चकतीवरची चुंबकीय दिशा केव्हा केव्हा पालटली एवढ्याच वेळा टिपून घेते. एकच वाट अनेकदा टिपून घेतली की कुठल्यातरी फेरीत ताळा जुळतो. कधी दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावला तर जुळतो, कारण ज्या ड्राइव्हवर लिहिले गेले त्याचे डोके किंचित तिरपे असू शकते. गुरुजींच्या २३ पैकी १५ फ्लॉप्या एका फेरीत निघाल्या, सहांना बरेच दिवस लागले. दोन राहिल्या.

निघालेल्यांपैकी तीन फ्लॉप्यांवर एकच मोठी फाईल एआरजे पद्धतीने आवळून, तुकडे करून ठेवलेली होती. एका फ्लॉपीत न मावणारे पुस्तक अशा तऱ्हेने नेण्याची तेव्हा रीत होती. मधल्या तुकड्याला बुरशी होती. एआरजेच्या तुकड्यांचा गुण असा की प्रत्येक तुकडा आपापल्यापुरता उघडता येतो, म्हणून पहिली आणि शेवटची प्रकरणे आधी हाती आली आणि मधली नंतर. झिपच्या फ्लॉप्या असत्या तर शेवटच्या फ्लॉपीवरच सगळ्यांची सूची राहिली असती, आणि ती गेली असती तर काम कैक पटींनी अवघड झाले असते.

येथवरचे काम जगात कोठेही असेच होते. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९८५ साली अमिगा संगणकावर काढलेली चित्रे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणक मंडळाच्या मुलांनी फ्लॉप्यांतून सोडवली आणि २०१४ मध्ये जगापुढे आली. त्यांच्या पाठीशी संग्रहालय उभे होते. त्यांची फाईल उघडली की चित्र दिसण्याची वाट मोकळी होती. आपले खरे काम फाईल निघाल्यावर सुरू होते, कारण निघालेली फाईल मराठीत नसते.

हे नीट समजावून सांगितले पाहिजे. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. इंग्रजीचे आकडे लवकर ठरले आणि सर्वांनी मानले. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची प्रमाण पद्धती होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून नव्याने ठरली. जिस्ट कार्डावरचा मजकूर त्या पद्धतीचा असतो. आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली असल्याने असा मजकूर जवळजवळ अक्षरास अक्षर बदलता येतो. परंतु डीटीपी केंद्रांत चाले ती दुसरीच युक्ती. श्रीलिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. पडद्यावर मराठी दिसे, आत साठवलेले असत इंग्रजी अक्षरांचे आकडे. उदाहरण म्हणून कृतिदेव हा फाँट घ्या. त्यात 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर अशा पाच अक्षरांत साठतो. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याचा दंड, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. फाँट काढून घेतला की भारत उरत नाही, नुसती एच-के-के-जे-आर अशी खिचडी उरते. आणि प्रत्येक कंपनीची खिचडी निराळी. श्रीलिपीची किल्ली आकृतीला चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक सापडतो.

बरे, आकड्याला आकडा लावूनही भागत नाही. या फाँटांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. 'शिक्षण' या शब्दात पहिली वेलांटी श च्या आधी साठते. युनिकोडमध्ये ती श च्या नंतर हवी. 'धर्म' मध्ये रफार म च्या नंतर येतो, त्याला उचलून म च्या आधी न्यावे लागते. 'वर्गात' म्हटले तर मधला काना ओलांडून न्यावे लागते. याचे नियम बांधता येतात. पण मराठीचा स्वतःचा असा एक र आहे, दुसऱ्या, वाऱ्यावर, तुमच्याबरोबर येणाऱ्या अशा शब्दांतला, आणि हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकांना तो ठाऊकच नसतो. ते 'दऱ्या' चा 'दर्या' करून मोकळे होतात. डोंगरातल्या दऱ्या उतरून जाणारी माणसे समुद्र उतरू लागतात. असे शब्द हातानेच तपासावे लागतात.

याहून गंभीर धोका शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. काही परिवर्तक बदल करता करता शब्दही "सुधारतात". गुरुजींच्या लेखनात घरातली माणसे बोलतात ती बोली जशीच्या तशी उतरली आहे: व्हतं, न्हाई, पानी, म्या, त्येनं. यंत्राने पहिल्या फेरीत सुचवलेल्या दुरुस्त्यांत 'पानी' चे 'पाणी' होते, 'व्हतं' चे 'होतं' होते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये आले, तेव्हा या भाषेला वाङ्मयात जागा आहे की नाही यावर केवढा वाद माजला होता! तो वाद माणसांशी होता, त्यांना उत्तर देता येत होते. यंत्र वाद घालत नाही, गुपचूप बदलून टाकते, आणि तीस वर्षांनी वाचणाऱ्याला वाटते की त्या वस्तीतली माणसे पुस्तकी मराठीच बोलत होती. म्हणून तपासणीचा तो भाग मी बंदच ठेवतो, आणि मूळ फाईल, बदललेली फाईल व ज्या तक्त्याने बदलली तो तक्ता अशी तिन्ही एकत्र ठेवतो. पुढे कोणाला शंका आली तर त्याला मूळापर्यंत जाता यावे.

एकाच प्रकरणाच्या चार फाईली निघाल्या, हीही अडचण आली. अंतिम कोणती? फाईलच्या नोंदीत तारीख असते, पण त्या काळी संगणकाच्या आतली बॅटरी संपली की तारीख १९८० वर जाई, त्यामुळे तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ मध्ये खंडरूपाने आले, तेव्हाही लेखकाने शेवटचा हात फिरवलेली एकसंध प्रत संपादकांपुढे नव्हती. मिळालेली प्रकरणे लावावी लागली होती. आपण तर साध्या माणसाच्या लेखनाविषयी बोलत आहोत. माझे मत असे की अशा वेळी चारही पाठ ठेवावेत आणि निवड कशी केली ते छापताना सांगावे. सोयीचा पाठ ठेवून बाकीचे पुसणे हा अधिकार आपला नाही.

आणि पुसलेल्या फाईलींचे काय? डॉसमध्ये फाईल पुसली म्हणजे मजकूर जात नाही. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण येते आणि ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. दुसरे काही वर लिहिले जाईपर्यंत मजकूर तेथेच असतो. एका फ्लॉपीवर अशी एक पुसलेली फाईल निघाली. तिच्या सुरुवातीवर केंद्रातल्या कोणाची तरी लग्नपत्रिका लिहिली गेली होती. मागची चार पाने शाबूत होती. त्यांत १९७८ चा पावसाळा होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा त्यांच्या गावात काय झाले, कोण रॉकेल घेऊन आले आणि कोणी लेकरांना ज्वारीत लपवले, हे नावानिशी लिहिलेले होते. छापण्यासाठी तयार केलेल्या चारही पाठांत हे प्रकरण नाही. गुरुजींनी ते स्वतः काढले होते.

कशासाठी काढले असेल, याचे उत्तर फ्लॉपीत नाही. त्या गावात ते नोकरी करत होते, त्यांची मुले तेथे शाळेत जात होती, एवढे आपल्याला कळते. काही तरुण मित्रांचे म्हणणे पडले की सत्य आहे, छापलेच पाहिजे. मला ते पटत नाही. यंत्राला परत आणता आले म्हणून ते आपले झाले असे होत नाही. ज्यांची नावे आहेत त्यांत लपवणारेही आहेत आणि ते अजून त्याच गावात राहतात. मी ती चार पाने छापील करून बाईंच्या हातात दिली, माझ्याकडची प्रत मोहोरबंद केली आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्यांना वाचता येत नाही. नातीने वाचून दाखवले. बाई म्हणाल्या, "हे समदं मला ठाव हाय. त्येनं लिहून ठिवलं हे ठाव नव्हतं." त्या पानांचे काय करायचे, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.

ज्यांच्या घरी अशा फ्लॉप्या आहेत त्यांनी काय करावे, हे विचारले जाते म्हणून लिहितो. फ्लॉप्या पेटीतून काढाव्यात, पण पुसू नयेत, फिरवू नयेत. स्पीकर, मोटार, मिक्सर यांच्याजवळ ठेवू नयेत, कारण त्यांत चुंबक असतो. कोरड्या जागी, उभ्या, कागदी पाकिटात ठेवाव्यात. चिठ्ठ्या फाडू नयेत. चिठ्ठीवरचे केंद्राचे नाव, महिना, सॉफ्टवेअरचे नाव यांवरून निम्मे काम सोपे होते. जुन्या डीटीपी केंद्राचा मालक हयात असेल तर त्याच्याकडे लॉक आणि फाँटच्या मूळ फ्लॉप्या आहेत का, हे आजच विचारून घ्यावे. लेखनाच्या फ्लॉपीइतकीच ती फाँटची फ्लॉपी महत्त्वाची आहे. आणि मजकूर निघाल्यावर तो तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावा, त्यातले एक ठिकाण कागद असावे.

गुरुजींच्या राहिलेल्या दोन फ्लॉप्यांपैकी एकीचा लेप एका बाजूला चकतीपासून सुटला आहे; तिची दुसरी बाजू तेवढी टिपून घेता येईल. दुसरी सव्वापाच इंची आहे आणि तिच्यावर निळ्या शाईत 'कविता, जुन्या' असे लिहिलेले आहे. तिच्यातील ८० पैकी ६१ वाटा आतापर्यंत ताळ्याला जुळल्या आहेत. पाऊस उघडला आणि हवा कोरडी झाली की दुसरा ड्राइव्ह लावून पुढच्या वाटा घेणार आहे.